बाच्या अंगावरची पावडर

"पेशंटला बाहेरच ठेव. आत वास सुटलाय."

डॉक्टर असं म्हणाले आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाच्याकडं. बा म्हणजे माझा बाप. माझ्या नवऱ्यानं त्याला दोन्ही हातांवर उचलून दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"चुकलं, डॉक्टर."

त्या दिवशी सकाळी मी बाला वासाच्या साबणानं घासून आंघोळ घातली होती. मानेपासून पायापर्यंत पावडर थापली. बा हसला. "अगं, मला काय पावणं बघाया येनारेत व्हय?" त्याच्या पोटावर फुटलेल्या गाठीला वास यायचा, तो साबणाला बधत नव्हता. डॉक्टरांना किळस येऊ नये म्हणून मी माझ्या बापाला पावडर लावली. कुणी सांगितलंही नव्हतं.

डॉक्टर तालुक्याच्या गावातले. बा त्यांच्या डाळिंबाच्या बागेत उभी हयात राबला. ताप असो, खोकला असो, आम्ही त्यांच्याकडंच जायचो. बा वस्तीत ऐटीत सांगायचा, "आपला डॉक्टर हाय."

मागच्या वर्षी डॉक्टरांची आई अंथरुणाला खिळली. तेव्हा बा धडधाकट होता. रोज बंगल्यावर जाऊन म्हातारीला उचलायचा, उन्हात आणायचा, पुन्हा खाटेवर ठेवून अलगद कुशीवर वळवायचा. नगरला मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणून नातेवाईक मागं लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "माझ्या आईला मी नळ्या लावून मरू देणार नाही." बानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग खिडकीच्या खिळ्याला सलाइन टांगलं. दुखायला लागलं की इंजेक्शन. म्हातारी घरातच गेली, लेकाचा हात धरून. बाला चहा मात्र मोरीच्या खिडकीतल्या वेगळ्या कपात. तो कप त्यानंच विसळून पालथा घालायचा. आईला उचलायला त्याचे हात चालायचे, त्यांच्या कपबश्यांना चालायचे नाहीत.

म्हणून बाचं एकच मागणं होतं. "मला आईसाहेबांवानी घरीच ठिव. आपला डॉक्टर यील."

गाठ पसरलीय, आता औषध लागू पडायचं नाही, घरी सेवा करा, असं नगरच्या तपासणीत आधीच सांगितलेलं. डॉक्टरांनी वस्तीवर यावं, बाचं दुखणं थोडं दाबावं, एवढंच मागायला मी गेले होते.

बाला बाहेर जीपमध्ये निजवलं. डॉक्टर पायरीवर आले. खाली उतरले नाहीत. हातही लावला नाही.

"नगरला भरती करा."

"डॉक्टर, त्याला घरीच ऱ्हायचंय. तुमी एकडाव आला आस्ता तर..."

"तुमच्या वस्तीवर कुठं येऊ मी? मला दवाखाना आहे."

आमची वस्ती ओढ्यापलीकडं. ओढ्याच्या अलीकडल्या मोठ्या घरांपुढं त्यांची गाडी कितीदा उभी असते, मी पाहिलंय. पण मी मान डोलावली आणि बाला नगरला नेलं.

तिथं नाकात नळी घातली, लघवीला नळी लावली. आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला आत गेले, तर बाचे दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बँडेजनं बांधलेले.

"नळी ओढतो सारखा," नर्स म्हणाली.

बानं माझ्याकडं पाहिलं. "पोरी, म्या चोरी केली का गं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातून हाकललं तेव्हा मी माफी मागितली होती. आता बाप जनावरागत बांधलाय, तरी "बरं, मॅडम" म्हणायला माझं तोंड उघडत होतं. थू माझ्या जिनगानीवर! वाकले आणि बँडेजची गाठ दातांनी सोडली.

तिथले डॉक्टर धावत आले. "घरी नेलं तर जबाबदारी तुझी."

"व्हय. माझीच हाय."

नळ्या काढायला लावल्या. जीप वस्तीकडं वळू दिली नाही, नवऱ्याला म्हटलं, आधी आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात घे. बाला आत नेलं. "सरका जरा," म्हटल्यावर माणसं सरकली. त्याला बाकावर निजवलं. या वेळी पावडर नव्हती. वास होता.

डॉक्टर बाहेर आले. "हा काय तमाशा लावलाय?"

"तुमच्या आईला भरती का न्हाई केलं?"

"ती माझी आई होती."

"ह्यो माझा बा हाय."

मी बाच्या उशाशी उभी राहिले. डॉक्टरांनी रुमाल काढला, तसाच परत खिशात कोंबला.

"संध्याकाळी येतो."

आले. गाडी ओढ्याशी लावून चालत आले. आमच्याही घरात खिळ्याला सलाइन लागलं. इंजेक्शन दिलं तसं बाचं कण्हणं हळूहळू थांबलं. आणि मग बानं काय करावं? दोन्ही हात जोडले. मनगटावर बँडेजचे वळ होते.

"लई उपकार झालं, सायेब."

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले.

माझ्याच घरात मी शरमेनं जमिनीत गेले. या माणसाची आई ज्यानं उचलली, त्यानंच याचे उपकार मानायचे. आणि ते हात जोडणं माझ्यातही उतरलंय, हे मला दवाखान्याच्या दारात कळलं होतं.

डॉक्टर पुढं रोज आले, खोटं कशाला बोलू. बा घरातच गेला, कुशीवर निजून, माझा हात धरून. वस्तीतली माणसं म्हणतात, चांगलं मरण आलं. मी भांडले म्हणून आलं. तरी भाकरी थापताना मध्येच ते "चुकलं, डॉक्टर" आठवतं आणि कानशिलं तापतात.

परवा शेजारच्या काकूची सासू शेवटाला आली. दवाखान्यात न्यायचं म्हणून काकू पावडरचा डबा घेऊन बसलेली. मी डबा काढून घेतला. "हाय तशी चल," म्हटलं.

दारात कंपाउंडर आडवा आला. "पेशंट बाहेर ठेवा."

मी त्याला बाजूला सारलं आणि म्हातारीला आत नेलं. आमचं माणूस आता पायरीवर राहणार नाही. डॉक्टरांना नाक धरायचं तर त्यांनी खुशाल धरावं. ओढा ओलांडून त्यांना यावंच लागेल, आणि ते आल्यावर आमच्यातलं कुणी हात जोडणार नाही.