सव्वा तासाचं अंतर

ताई पुण्याला एकटी राहायची. माझ्याहून बरीच मोठी. तिच्याकडे जायचं म्हणजे उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवरून रात्रभराची बस, आणि उतरल्यावर माझी कंबर धरलेली. म्हणून मागच्या हिवाळ्यात मुलानं विमानाचं तिकीट काढून दिलं. "बाबा, इंदूरहून फक्त सव्वा तास. बसलात की पोचलात."

आयुष्यातलं पहिलं विमान. खाली गव्हाची शेतं दिसली, मग ढग, मग काहीच नाही. पुण्यावर धुकं होतं, त्यामुळे विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिलं. खिडकीबाहेर इतकं पांढरं की पंखही दिसेना. माझा डोळा लागला असावा, कारण चाकं टेकली तेव्हा मी दचकलो.

ताईनं दार उघडलं आणि म्हणाली, "काय विसरलास?"

"म्हणजे?"

"अरे, आत्ताच तर केळी आणायला गेलास ना?"

मला वाटलं, थट्टा करतेय. आत गेलो तर टेबलावर दोन कप. एकात तळाशी घोटभर चहा ठेवलेला. शेवटचा घोट मी कधीच पीत नाही, गाळ तोंडात येतो. कपाला हात लावला. कोमट होता.

"ताई, कोण आलं होतं?"

"वेडा झालास का? तूच आलास. आंघोळ केलीस, वरून शेव घालून पोहे खाल्लेस. म्हणालास, विमानात टाइमच लागत नाही."

न्हाणीघरात टॉवेल ओला होता.

वय झालंय तिचं, विसरत असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो, तेवढ्यात समोरच्या बाई वाटी परत द्यायला आल्या. मला बघून म्हणाल्या, "काका, मघाशी जिन्यात हाक मारली, तुम्ही बघितलंच नाहीत."

त्या गेल्यावर ताईनं माझा हात धरला आणि मनगटापासून दंडापर्यंत चाचपत गेली. लहानपणी तापात असाच चाचपायची.

"मग तो कोण होता रे?"

आम्ही कडी लावून घेतली. दुपारी बेल वाजली. मी उठलो, तर तिनं खांद्यावर हात दाबून मला खाली बसवलं. पुन्हा वाजली. मग पावलं जिना उतरून गेली, सावकाश, डाव्या पायावर जरा भार देत. मीही तसाच उतरतो.

दुसऱ्या दिवशी तिचं सामान बांधलं आणि रेल्वेनं तिला उज्जैनला घेऊन आलो. तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. माझ्या बायकोशी तिचं छान जमलंय, दोघी संध्याकाळी देवळात जातात. त्या दिवसाबद्दल आम्ही भाऊबहीण बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मी इथं उज्जैनात, फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेत होतो. पुण्याच्या त्या समोरच्या बाईंचा फोन आला.

"काका, कधी आलात? आत दिवा दिसतोय. ताईही आल्यात का?"

"नाही," मी म्हणालो, "ती उज्जैनलाच आहे."

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला एकट्याला डबा पाठवू का?"