वाळूच्या गावात बेसनाचे लाडू

नेदरलँड्समध्ये वाळवंट आहे म्हटल्यावर आईने ‘हिचं डोकं ठिकाणावर आहे ना’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पण आहे हो! आइंडहोवनहून गाडीने पाऊण तासावर, लून ऑप झांड गावाला लागून नुसती वाळूच वाळू. आणि गावाच्या टोकाला एक चिमुकली आर्ट गॅलरी.

जायचं खरं कारण मात्र आई होती. माझ्याकडे चार दिवस राहायला आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. त्यातच पुण्यात बाबा गेले. विमानं बंद, अंत्यदर्शन फोनवर. तेव्हापासून ती रडली नाही, बाबांचा विषयही काढला नाही. मला तिची भीतीच वाटायला लागली होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिने बेसन भाजायला घेतलं. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हा तिचा कायदा. गॅलरी म्हणजे कुणाचं घर नव्हे, हे सांगून मी दमले.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंग आधीच करा; कोरोनाच्या दीड मीटर अंतराच्या नियमामुळे आत मोजकीच माणसं सोडतात. प्रवेश फुकट. बूट घाला. आम्ही चपलांवर वाळूत हिंडलो आणि निम्मं वाळवंट गाडीत घेऊन आलो.

गॅलरीत गंजलेल्या पत्र्याची शिल्पं होती, मधोमध एक रिकामा पांढरा चौथरा. मी पाट्या वाचण्यात गुंग. वळून पाहते तर आईने लाडवांचा डबा उघडून चौथऱ्यावर ठेवलेला, आणि एक डच आजोबा हात मागे बांधून लाडवांचं गंभीरपणे निरीक्षण करताहेत! तो रिकामा चौथरा हेच शिल्प होतं, हे पाटीवरून कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅलरीच्या मालकीणबाई आल्या. मी माफी मागत डबा उचलायला धावले, पण त्यांनी मला थांबवलं आणि हे कुणासाठी केलंत, असं इंग्रजीत विचारलं. मी आईला तेच मराठीत विचारलं. वाटलं, ‘तुमच्यासाठी’ म्हणेल.

“ह्यांना आवडायचे गं,” आई म्हणाली. “वळताना ह्यांच्यासाठीच वळले.”

आणि ती रडायला लागली. मी तिला घट्ट धरलं. बाईंनी खुर्ची आणून ठेवली, मग नियमाप्रमाणे मागे सरकून त्याही डोळे पुसत राहिल्या. आईचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी कुणालाही आत सोडलं नाही. नंतर सगळ्यांनी लाडू खाल्ले, आजोबांनी दोन.

तिथलं एकही शिल्प मला आता धड आठवत नाही. त्या बाईंचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. आई रोज बाबांचं काही ना काही सांगते. काल भाजी निवडताना म्हणाली, “घोरण्यावरून आयुष्यभर भांडले ह्यांच्याशी. आता शांततेत झोप येत नाही बघ.”

मी म्हटलं, “अजून सांग.”