कॉटखालचा पाहुणा

आई गेली त्या वर्षी मी घरात कुत्रा आणायचं ठरवलं. मी कामावर गेले की बाबा दिवसभर गॅलरीत एकटेच बसत. ऑफिसातल्या मैत्रिणीने नायगावच्या एका निवृत्त नर्सबाईंचा पत्ता दिला. रस्त्यावरची, मार खाल्लेली कुत्री त्या तात्पुरती सांभाळत आणि बरं घर मिळालं की देत.

त्यांच्या खोलीत शिरताच दोन-तीन कुत्री अंगावर उड्या मारायला लागली. एक मात्र कपाटामागून हललंच नाही. तांबूस रंगाचं, अजून वर्षाचंही नसेल.

"गिरणी पाडत होते ना, त्या ढिगाऱ्यात सापडला," बाई म्हणाल्या. "हात पुढे केला की थरथरतो. याला कोणी नेत नाही."

मी तोच मागितला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"नाही जमलं तर माझ्याकडे आणून द्या," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर सोडू नका हं."

लालबागच्या आमच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तो कॉटखाली गेला आणि भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. दूध-चपाती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी वाकून त्याच्या पट्ट्याला हात घातला.

"ओढू नको त्येका."

बाबांचा एवढा चढलेला आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ते गॅलरीतून आत आले आणि गुडघ्यांवर हात टेकत कॉटजवळ जमिनीवर बसले.

त्याच कोपऱ्यात माझा काका बसायचा. संपाआधी दोघे भाऊ एकाच गिरणीत होते. संप लांबला तसे बाबा मिळेल ते काम करू लागले. काकाने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. मी तेव्हा लहान होते. त्याच्यासमोर चहाचा कप ठेवायचे आणि निवलेला परत न्यायचे. मग एकदा तो शिवडीला गोदामात कामाला गेला आणि आलाच नाही. पुष्कळ शोधलं. घरात त्याचा फोटो कधी लागला नाही, कारण हार घालायचा की नाही हे कोणी ठरवू शकलं नाही.

मी ओट्यापाशी वळले. मागून बाबांचा आवाज येत होता. ते कुत्र्याशी बोलत होते, हळू, गावाकडच्या बोलीत.

"माझो भाव असोच बसलेलो. मीच त्येका हात धरून भायर काढलंय. तो येवचो नाय म्हणत होतो. गोदामाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडलंय आणि मागे वळान बघलंय नाय."

आमटी उतू गेली तरी मी गॅस बंद केला नाही. आम्हांला सांगितलं होतं की काका आपणहून गेला.

संध्याकाळी बाबा अजून तिथेच होते, हात उपडा जमिनीवर ठेवून. कुत्रा सरपटत पुढे आला आणि त्याने बोटं हुंगली.

मग तो बाबांचाच झाला. पण दिवेलागणीला तो एकदम उठून दाराशी जाई आणि रिकाम्या गॅलरीकडे बघत शेपूट हलवी. सगळीच कुत्री असं करतात, असं मी म्हणायचे. बाबा दार थोडं अधिक उघडत.

नर्सबाई त्याला बघायला आल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

आम्ही दोघांनीही आधी दाराकडे बघितलं.

पुढे बाबा दर रविवारी सकाळी त्याला घेऊन शिवडीला जायला लागले. काकाचा शोध थांबल्यापासून त्या बाजूला त्यांनी पाय ठेवला नव्हता. एकदा मीही गेले. गोदामांची रांग संपली की खाडीचा चिखल लागतो, तिथे एका पडक्या कठड्यावर ते बसले.

"इथे काय करता?" मी विचारलं.

"काय नाय. तो वास घेता. मी बसतंय."

कुत्रा चिखलाच्या कडेकडेने नाक लावून जात होता. बाबा त्याला हाक मारत नव्हते.