अक्का कुठं निघाल्या होत्या?

महिना होऊन गेला तरी त्या फोनचा अर्थ मला नीट लागत नाही. मुरुमहून पुतण्याचा फोन होता. "काकू, आई लिंगैक्य झाली," म्हणाला. झोपेतच का रे, असं मी विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाला, "न्हाय. एसटी स्टँडवर. बाकड्यावर बसल्या जागी." आवाजात शरम होती. पंच्याऐंशी ओलांडलेली घरातली थोरली बाई, भरलेलं घर, सुना, नातवंडं, आणि मरण आलं ते चहाच्या टपरीसमोर परक्या माणसांत. मठात जाते असं सांगून रोजच्यासारख्या सकाळी निघाल्या होत्या म्हणे. जवळ पिशवी नाही, तिकीट नाही. कुठं निघाल्या होत्या ते कुणालाच ठाऊक नाही. त्याला लाज वाटत होती आणि मला काय वाटलं ते मी सांगू का नको, अशा घोळात इतके दिवस होते. मी फोन ठेवला आणि हसले. मग रडले. नातीनं दोन्ही पाहिलं आणि बिचारी घाबरली. अक्कांना निजामाच्या राज्यात ज्यांनी पाहिलंय त्यांनाच यातलं काही कळावं, आणि तसं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर कानडी मुलखातलं, म्हणून मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी लग्न होऊन मुरुमच्या त्या वाण्याच्या घरात आले तेव्हा पंधरा-सोळाची असेन, त्या वीस-एकवीसच्या. पहिल्या दिवसापासून माझ्या कानावर अक्कांचं कौतुकच. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्या थोरलीचं नख कधी कुणाला दिसलं नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही तिचं. त्या काळी हैदराबादच्या राज्यात बड्या घरच्या बायका गोषात, म्हणजे पडद्यात असायच्या, चार पैसे गाठीला असलेल्या उदमी घरांनाही ती ऐट हवी असायची. सोयरीक बघायला आलेले लोक आधी अक्कांबद्दल विचारायचे आणि मग मान डोलवायचे. मला मात्र सारखं ऐकावं लागायचं, बघ, शीक काहीतरी. मी शेतकऱ्याची पोर, बांधावरनं पळत वाढलेली. मला अक्कांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात आम्ही लिंगायत. इष्टलिंग अंगावरच असतं. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा केली की झालं, देवळाचं तोंड पाहायलाच हवं असं काही नाही. श्रावणी सोमवारी सगळ्या बायका बेल घेऊन महादेवाला निघाल्या की अक्का हसून म्हणायच्या, माझा महादेव माझ्यापाशी आहे. वा, काय ती भक्ती! असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची. अंगावरच्या देवानं आणि घराच्या अब्रूनं दोन्हीकडून इतकं नीट झाकून टाकलं होतं, की आत एक बाई अडकून पडलीय हे कुणाला दिसणार?

मला दिसलं ते एका दुपारी. घरात कुणी नव्हतं आणि दारात अक्का उभ्या होत्या. एक हात कडीवर, कपाळावरनं घाम वाहतोय, ओठ पांढरे पडलेले. ओट्यावर वाळत टाकलेला त्यांच्या पोराचा अंगरखा वाऱ्यानं खाली रस्त्यावर पडला होता आणि तो त्यांना उचलता येत नव्हता. दोन हातांवर तर होता! मी हसायला लागले आणि त्यांचं तोंड बघून गप्प झाले. "तंगी, पाय माझे ऐकत न्हाईत गं," त्या म्हणाल्या. मग जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर एकदा बाजारात गेल्या होत्या. कुणी बोललं नाही, धक्का दिला नाही, काही म्हणता काही झालं नाही. गर्दीत अचानक छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, आता इथंच मरते आणि घरच्यांना कळायचंही नाही, असं झालं. पदर सावरत त्या घरी पळाल्या. दुसऱ्यांदा वेशीपाशीच तसं झालं, मग गल्लीच्या तोंडाशी, मग दारात. आत्याबाईंना सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, घरंदाज बाईला बाहेर असं होणारच. आता काय बोलणार? मलाही काही कळलं नाही. साप नाही, चोर नाही, आणि माणूस भितं कशाला? बाहेरची बाधा म्हणावं, तर घरात ही बाई माझ्यापेक्षा दुप्पट काम करायची, गाणी म्हणायची.

हे असंच चाललंही असतं, पण दिवस फिरले. राज्य राहतंय की जातंय हे कुणालाच कळत नव्हतं. रोज नवी आवई उठायची, आणि गाड्या भरभरून माणसं सोलापूरच्या बाजूला निघाली होती. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आमचंही निघायचं ठरवलं. अक्कांचं काय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पडदा लावलेल्या बैलगाडीत त्यांना धरून बसवलं. वेस ओलांडायच्या आत त्यांनी असा काही टाहो फोडला की बैल बिथरले, आणि त्या बेशुद्ध झाल्या. अपशकुन म्हणून सगळी गाडी परत. त्यानंतर तर अक्का माजघरातनं ओसरीवरही येईनात. मामंजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांना सगळं घर बघायचं होतं. ते म्हणाले, ज्वारी निघेपर्यंत थांबू. तोवर हिचं जमलं तर ठीक, नाहीतर एखादं म्हातारं माणूस सोबतीला ठेवून हिला इथंच ठेवावं लागेल, पोरं मात्र आपल्याबरोबर येतील. अक्कांनी ते दाराआडून ऐकलं. त्यांचं धाकटं अजून अंगावर पीत होतं.

मला औषध काय ठाऊक असणार? मला गोऱ्हं शिकवणं ठाऊक होतं. माझे वडील नव्या गोऱ्ह्याला एकदम गाडीला जुंपत नसत. आधी नुसतं जू मानेवर, गाडी नाही, नांगर नाही. ते उड्या मारायचं, फुरफुरायचं, आणि वडील शेजारी उभे राहून पाठ थोपटत राहायचे. आम्ही पोरं ओरडायचो, काढा ओ, मरंल ते. वडील म्हणायचे, आत्ता काढलं तर उड्या मारल्या की सुटका होते एवढंच ते शिकेल. निवांत उभं राहू दे, मग काढू. मी अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या की हसल्या, ते मला आता खरंच आठवत नाही... पण दुसऱ्या दिवशी त्या माझ्या मागोमाग दारापर्यंत आल्या. आधी उंबऱ्यावर बसलो, तर तिथं बसू नये म्हणून आत्याबाई ओरडल्या. मग ओट्यावर. "तंगी, आता मरते बघ मी," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मरा, मी हाय इथं. माझा हात त्यांनी असा धरला होता की कांकणं पिचली. मी पाठीवरनं हात फिरवत राहिले आणि त्यांना उठू दिलं नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग एकदम त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लहान पोरासारख्या नवलानं म्हणाल्या, "थांबलं की गं." आजवर दर वेळी त्या आधीच आत पळाल्या होत्या. ते आपलं आपण थांबतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं!

मग ओटा अंगवळणी पडला, मग गल्लीतला आड, मग कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड. काही दिवस जमायचं, काही दिवस पुन्हा माजघर. शेवटी बाजाराच्या दिवशी आम्ही गुळाच्या दुकानापर्यंत जाऊन उभ्या राहिलो. आणि गावाची तोंडं सुटली. वाण्याची थोरली भरबाजारात उभी! आत्याबाई माझ्याशी बोलेनात. घराचं नाव घालवलंस, एवढंच अक्कांना म्हणाल्या. त्या दिवशी भाकरी थापताना अक्का मला म्हणाल्या, "भीत होते तवा मी देवी होते तंगी. आता जरा बरी झाले, तर उंडगी झाले." ज्वारी निघाली आणि गाड्या वेशीबाहेर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या कडेवर पोर घेऊन सगळ्या बाजारातनं चालत गेल्या, घामानं निथळत, पण चालत. आत्याबाई शरमेनं तोंडावर पदर घेऊन आमच्या मागनं येत होत्या.

पावसाळा संपता संपता राज्य बदललं आणि घर मुरुमला परतलं. पुढं आम्ही नवरा-बायको सोलापूरला दुकानासाठी आलो, ते कायमचे. अक्का लग्नाकार्याला यायच्या, एसटीनं एकट्यासुद्धा. अक्कांची भीती मी घालवली, हे मी जन्मभर मिरवलं. माझी नात मनाच्या आजारांवर उपचार करते. त्या फोननंतर तिनं सगळं ऐकून त्याला नाव सांगितलं, अॅगोराफोबिया. म्हणाली, जिथनं पटकन सुटता येणार नाही, मदत मिळणार नाही, अशा जागेची ती भीती असते. तिला औषधं असतात, बोलून मनातले विचार सोडवता येतात, आणि थोडं थोडं त्या जागी जाऊन भीती उतरेपर्यंत थांबायचं, हा तर मोठाच उपचार. मी फुशारले. तर म्हणाली, "पण आज्जी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं हे. आणि बैलाला कुणी विचारत नाही, माणसाला विचारावं लागतं. तू विचारलं होतंस?" विचारलं होतं का मी? त्या आपणहून मागोमाग आल्या होत्या, का पोरं जातील या धास्तीनं? रात्रंदिवस आठवते, नक्की काही हाती लागत नाही.

शिवगणाराधनेला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, मुरुमला गेले तेव्हा परतताना मुद्दाम स्टँडवर थांबले. टपरीवाल्या बाईला विचारलं, म्हातारी कुठल्या गाडीसाठी बसली होती? ती म्हणाली, "गाडीत कवाच बसत न्हवती ओ. रोज यायची. गर्दी झाली की बाकड्याची कड घट्ट धरायची, कपाळाला ह्यो एवढा घाम. पैल्यांदा म्या पाणी घिऊन पळाले, तर म्हणली, नगं बाई, जातंय ते आपसूक. गेलं की मंग च्या मागायची. पिऊन घरला."

मी त्याच बाकड्यावर बसले. भीती गेली, गेली, म्हणून मी गावभर सांगत होते आणि ती कुठंच गेली नव्हती. अक्का रोज तिला सोबत घेऊन इथं येत होत्या, शेजारी बसवत होत्या आणि ती थकली की घरी नेत होत्या, आणि मला याचा पत्ता नव्हता. नातीला फोन केला तर ती म्हणाली, आज्जी, यालाच बरं होणं म्हणतात. असेल. मला पटतंही आणि पटत नाहीही. भीत भीतच गेल्या का माझ्या अक्का, या एका विचारानं माझा जीव खाली-वर होत होता. शेवटी न राहवून बाईला विचारलं, त्या दिवशी त्यांनी चहा मागितला होता का?

"मागितलेला की," ती कपबश्या विसळत म्हणाली. "कप मोकळा व्हता."