खाऱ्या वाऱ्यातले अकरा कॉम्प्युटर

"तुमचा रिपोर्ट आला की परबांना मेमो," मॅनेजरसाहेब म्हणाले. मेमो टाईप होऊन टेबलावर तयारच होता.

मालवणात किनाऱ्याला लागून असलेल्या त्या ऑफिसात अकरा कॉम्प्युटर, आणि सगळे रात्रंदिवस चालू. विजेचा हा वापर कमी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. कुडाळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी मशीन बंद करायची जबाबदारी हेडक्लार्क परबकाकांची. रिटायर व्हायला महिना उरलेला. सबंध नोकरीत एक मेमो नाही.

"काका, बंद का करत नाही?"

"पावसात बंद केलंय तर सकाळी चालू होणत नाय, झिला. सुके बांगडे चुलीवर कित्याक टांगतत? तसाच ह्या."

मी सगळ्यांसमोर हसलो. "अहो काका, कॉम्प्युटर आहे तो, बांगडा नव्हे!" रोज संध्याकाळी सगळे आपोआप शट डाऊन होतील असं सेटिंग केलं आणि ऐटीत घरी गेलो. तो शुक्रवार होता.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. अकरापैकी चार ढिम्म!

सीपीयू उघडला. आत रॅम असते, म्हणजे चालू कामाची मेमरी सांभाळणारी पट्टी. तिच्या सोनेरी टोकांवर हिरवट कीट चढलेलं. सगळे सीपीयू समुद्राकडच्या खिडकीखाली, जमिनीवर. चालू मशीन आतून गरम राहतं, ओल धरत नाही. थंड पडलं की खारी हवा आत ठाण मांडते. काका बिचारे रात्रभर चूल पेटती ठेवत होते, आणि मी शहाणा त्यांना हसलो होतो. फार लाज वाटली.

पट्ट्या खोडरबराने घासल्या. सीपीयू आतल्या भिंतीकडे नेऊन लाकडी पाटांवर ठेवले, खिडकी बंद केली. मग पुन्हा रोज शट डाऊन. पंधरा दिवस धो धो पाऊस, पण एकही मशीन रुसलं नाही.

रिपोर्टात लिहिलं, 'चूक मांडणीची. दुसरी चूक, ऐकून न घेता हसणाऱ्याची.'

साहेबांनी मेमो फाडला. "हे दुसरं वाक्य काढू या का?"

"राहू दे, साहेब."

शेवटच्या दिवशी काकांनी आपलं मशीन स्वतः बंद केलं. दुसऱ्या सकाळी मी त्याच मशीनवर नव्या क्लार्कचा पासवर्ड घालून देत होतो, तेवढ्यात फोन.

"झिला, माझो चालू झालो मा रे?"

"झालो, काका."

हल्ली कुठल्याही ऑफिसात गेलो की आधी विचारतो, चालू का ठेवलंय? बंद करायचं नंतर बघतो.