जिनेवाली

कुठल्याही घरात गेली की ती आधी जिना बघायची, मग माणसं. मुलांनो, तुमच्या मामाच्या घरी, इथे डब्लिनजवळ ओंगारला, भाड्याची खोली बघायला आली तेव्हाही तसंच. मी दार उघडून उभी, आणि ही माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "पायऱ्यांवर गालिचा आहे, आजी. कोण येतंय ते कळत नसेल तुम्हाला." मूळची नागपूरची. वास्तुकला शिकायला आधी ग्लासगोला गेली, मग डब्लिनला आली. मी तिचं नाव जिनेवाली ठेवलं.

स्कॉटलंडमध्ये असताना पाहिलेलं एडिंबरा तिला कडक सासऱ्यासारखं वाटायचं. काळ्या दगडाचं, उंच, आपणहून न बोलणारं. ग्लासगो मात्र माहेर. तिथे तांबूस दगडाच्या चार मजली इमारती आणि सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच जिना. तो पाळीपाळीने धुवायचा. आपलं धुऊन झालं की 'जिना धुण्याची पाळी तुमची' असं छापलेला पुठ्ठा शेजारच्या दाराला अडकवायचा. निघताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तसा एक जुना पुठ्ठा तिला दिला होता. "पुठ्ठा पहिल्यांदा माझ्या दाराला लागला ना आजी, त्या दिवशी मी तिथली झाले," ती सांगायची.

आमच्याकडेही तिने तो सुरू केला. एका रविवारी पुठ्ठा माझ्या दाराला, दुसऱ्या रविवारी मामाच्या. भाडेकरू घरमालकालाच झाडायला लावते, अशी कुरकुर करत मामा जिन्यावरून व्हॅक्यूम फिरवायचा.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला मिळालेली मुदत सरत आली होती. नोकरी नाही तर परत जाणं भाग. डब्लिनमधल्याच बॉल्सब्रिज भागातल्या एका कंपनीसाठी तिने अर्ज लिहिला आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिला. मी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलेलं. दोन पानांच्या अर्जात एक अख्खं पान ग्लासगोच्या जिन्याचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची बाई धाप लागली की कुठे थांबते, तिथेच खिडकी का हवी, असलं काहीबाही. अर्जात हे कशाला, असं म्हणत मी लाल पेनाने ते सगळं पान खोडलं. तिने ते पान काढून माझ्याकडेच ठेवलं. मग "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली.

मुलाखतीहून आली ती बूटही न काढता खालच्या पायरीवर बसली. अर्जात चूक एकही नाही, पण तुम्ही काय पाहता ते त्यात कुठेच दिसत नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

"नाही हो आजी. दुसऱ्या कुणाचं काम चांगलं असेल." ते माझ्यासाठी म्हटलेलं होतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

पुढे तिने जिन्यासकट अर्ज पाठवले. मामाने ओळखीच्यांना फोन केले. उत्तरं आली नाहीत, आली ती नकाराची. मुदत संपली. माझ्या हातात उरलं होतं ते वाटेसाठी दशम्या करून देणं. तेवढं केलं.

तिला विमानतळाच्या बसमध्ये बसवून आले, तर पुठ्ठा माझ्या दाराला. मी जिना कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला आणि पुठ्ठा तिच्या रिकाम्या खोलीच्या दाराला अडकवला. अजून तिथेच आहे.

मुलांनो, ते खोडलेलं पान माझ्या खणात राहिलंय. या पत्रासोबत त्याची प्रत पाठवते आहे. लाल रेघा माझ्या आहेत. त्यांच्याखालचं तेवढं वाचा.