साळ्याच्या लाल गाडीची फिटिंग

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकात गरम चहा गेला आणि त्याचाही दोष माझ्याच माथी आला. आधीच माझ्या माथी काय कमी आहे?

देवळीत माझं गॅरेज. ट्रॅक्टर, जीप, फवारणीचा पंप, येईल ते खोलतो. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी पुण्याहून माझा साळा प्रशांत आला. कशात? लाल स्पोर्ट्स कारमध्ये! सेकंडहँड, आणि अशी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं. आमच्या जयंती मंडळानं लगेच ठरवलं, यंदा मिरवणुकीत सगळ्यात पुढे हीच गाडी.

आणि मिरवणुकीच्या सकाळी गाडीखाली गुलाबी तळं!

"भाऊजी, कूलंट गळून राह्यलं," प्रशांत रडवेला. "इंजिनातल्या पाइपाची फिटिंग सुटली. या गाड्याईची खोडच हाय, फिटिंग नुसती चिकटवून देल्ली. पुण्यात म्हणतेत, पुरं इंजिन खाली उतरवा लागते."

"पुण्यात!" मी हसलो. "अबे, पाणी ट्रॅक्टरचं असो का इमानाचं, पाइपातूनच जाते न? आज मिरवणुकीत गाडी गळली, तं गॅरेजची पाटी उतरवतो मी!"

बोललो ना! अर्धी गल्ली ऐकत उभी होती. आणि पाटीवर माझ्या वडिलांचं नाव आहे हो!

इंजिन मागे, आणि जागा इतकी कमी की घातलेल्या हाताला बाहेर यायचा रस्ता सापडेना. फिटिंग काढली, जुना गोंद खरवडला, दोन ट्यूब कालवून नवा लेप लावला, फिटिंग ठोकून बसवली. तो लेप रात्रभर वाळू द्यायचा असतो. खोक्यावरच लिहिलेलं होतं. पण मिरवणूक काय खोकं वाचून थांबते?

मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, भरायचं. प्रशांतनं आणलेली पांढरी कॅन कूलरसमोर सावलीत ठेवलेली. उचलली, बूच काढलं. आत गुलाबी! भडाभडा ओतली.

"भाऊजी, वास तं घेऊन पाहा, कॅन तेच हाय न?"

"मले वास घ्याची गरज नाई. रंग पाहूनच समजते."

संध्याकाळी मिरवणूक निघाली. गाडी पुढे, मागे बँड, निळे झेंडे, आणि गाडीला हात लावून छाती फुगवून मी. एक थेंब गळेल तर शपथ! थोड्या वेळानं सगळीकडे गुलाबाचा सुगंध सुटला.

"काऊन बे, अत्तर शिंपडलं का?" शेजारच्यानं विचारलं.

"विदेशी इंजिन हाय. गरम झालं का असाच वास येते."

आणि त्यानं मान डोलावली!

तेवढ्यात समोर मंडळाचं शरबताचं टेबल दिसलं. माझी बायको सुनंदा दरवर्षी घरी गुलाबाचा पाक करते. टेबलावर त्यात बर्फाचं पाणी घालायचं आणि मिरवणुकीतल्या माणसांना वाटायचं. यंदा गरमीत पाक खराब होऊ नये म्हणून तिनं तसलीच पांढरी कॅन ठेवली होती... कुठे? माझ्या गॅरेजात, कूलरसमोर!

गाडीत पाक असेल, तर टेबलावर काय आहे? कूलंट म्हणजे विष हो! "पिऊ नका! पिऊ नका!" ओरडत, हात नाचवत मी धावत सुटलो. बँडवाल्यांना वाटलं रंगात आला, त्यांनी ताल वाढवला.

टेबलाशी सुनंदा कमरेवर हात ठेवून उभी. कॅनचं बूच लावलेलं, ग्लास कोरडे.

"एक थेंब नाई देल्ला कोणाले," ती म्हणाली. "बूच उघडलं आन् पह्यले वास घेतला. माणसानं वास घ्यावा! माझं शरबत कुठी हाय?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. जीव भांड्यात पडला, आणि तेच भांडं डोक्यात पडावं असंही वाटलं.

पण पाटी शाबूत होती! मिरवणूक संपली, गाडी गळली नाही. "शरबत असो का कूलंट, फिटिंग पाहा न फिटिंग!" म्हणत मी चौकभर मिरवलो.

सकाळी पाहतो तर मुंग्यांची वेगळीच मिरवणूक चाकावरून चढून थेट इंजिनात निघालेली. गरम पाण्यानं आतला पाक धुऊन काढला, फिटिंगही चकाचक पुसली. साधं पाणी भरलं, इंजिन सुरू केलं.

टप. टप. टप.

प्रशांतनं वाकून बोट लावलं. माझा लेप चुरा होऊन त्याच्या हातात आला. फिटिंग धरून ठेवली होती ती इंजिनाच्या गरमीत कडक झालेल्या साखरेनं!

"ताई," त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली, "पाक उरला का थोडासा?"

गाडी शेवटी ट्रकवर चढून पुण्याला गेली. पाटी मी उतरवली नाही, म्हटलं मिरवणुकीत तर गळली नाही ना! पण आता कुणाच्या ट्रॅक्टरचं रेडिएटर गळायला लागलं की गिऱ्हाईक माझ्यासमोरून सरळ घराच्या दाराशी जातं आणि विचारतं, "वैनी हायेत काय घरी?"